पान एकतीस, ओळ सात

भाऊजी पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात आले, तेव्हा बर्फवाल्याला वाटलं की हा माणूस एक तर सरकारी निरीक्षक असावा, नाहीतर घरून पळून आलेला असावा. तिसरीही एक शक्यता होती, ती म्हणजे हा आपल्या बहिणीचा होणारा नवरा आहे. पण ती त्याच्या डोक्यात शिरायला तीन तास लागले, आणि तोवर समोरची बर्फाची लादी कंबरेत पार बारीक झाली होती.

त्या कारखान्यात लाद्यांच्या बाबतीत नाही नाही ते घडून गेलं होतं. एक लादी चोरीला गेली होती. चोर सापडला, मुद्देमाल सापडला नाही. दुसरी हातगाडीवरून सुटली, उतारावरून घसरत थेट समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळत सुटलं, ते म्हणे अजून परत आलेलं नाही. पण लादीसमोर उकिडवं बसून तिच्या डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. या माणसाने नाक लादीपासून बोटभर अंतरावर धरलं होतं. नाक आधी लाल झालं, मग जांभळं झालं, आणि शेवटी त्याला जो रंग आला त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. बुटांत पाणी शिरलं होतं आणि खिशातल्या कागदांवरची शाई सदऱ्यावर उतरली होती. माणूस मात्र जागचा हलत नव्हता.

शेवटी कॉम्प्रेसर सोडून बर्फवाला जवळ आला.

"काय हवंय साहेब?"

"ही कड," माणूस नजर न हलवता म्हणाला, "आत्ता नेमकी कुठे आहे?"

"कसली कड?"

"जिथे बर्फ संपतो आणि पाणी सुरू होतं ती."

बर्फवाल्याने लादीवर बोट ठेवून दाखवलं. "ही काय."

"ती मघाची झाली," माणूस खिन्नपणे म्हणाला. "आता ती पुढे गेली."

तेवढ्यात ताई फाटकातून आत आली. "झाली का तुमची ओळख? धाकट्या, हे ते."

"कोण ते?"

"मी सांगितलं होतं ना, ते."

"तू तर प्राध्यापक म्हणाली होतीस!"

"मग? प्राध्यापकच आहेत. म्हणून तर असे बसलेत."

पुढे महिन्याभरात लग्न झालं. लग्नाच्या फोटोत नवऱ्याचं नाक सगळ्यांत आधी दिसतं.

भाऊजी एका कॉलेजात गणित शिकवत. पोरांनी त्यांचं नाव 'आहे-का सर' ठेवलं होतं, आणि पोरं नावं ठेवतात तेव्हा सहसा चुकत नाहीत. फळ्यावर कुणी समीकरण मांडलं की वर्ग ते सोडवायला धावायचा, आणि भाऊजी हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. "थांबा. उत्तर काय ते नंतर. उत्तर आहे का?" घरीही तोच प्रकार. ताई म्हणाली, "कपाटातली किल्ली शोधा जरा," की हे खुर्चीत बसून विचारायचे, "किल्ली कपाटात आहे, हे आपण कशावरून गृहीत धरतो?" तोवर ताईने किल्ली शोधलेली असायची.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक टेबल, त्यावर काळ्यापांढऱ्या बारीक पट्ट्यांची चादर, चादरीवर कागद, कागदांवर कप आणि कपांवर पुन्हा कागद. खिडकी एकच, आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. बर्फवाला दर रविवारी दुपारी तिथे जेवायला जायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. कारखान्यातल्या अमोनियाचा वास आंघोळीनेही जात नाही, हे कारण तो सांगायचा आणि ताई मानायची नाही.

"काय मेहुणेबुवा," भाऊजी विचारायचे, "या आठवड्यात काय वितळलं?"

"सगळं. तुमचं काय सुटलं?"

"काहीच नाही."

"म्हणजे आमचा धंदा बरा चाललाय."

हा संवाद अठरा वर्षं झाला. अक्षरशः अठरा वर्षं.

अठरा वर्षं भाऊजी एकाच समीकरणाच्या मागे होते. साध्या पाण्याचा बर्फ कसा होतो आणि कसा वितळतो, याचं गणित मोठ्या लोकांनी कधीच उरकून टाकलं होतं. भाऊजींनी खारं पाणी घेतलं. खारं पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलतं, ते मीठ उरलेल्या पाण्यात जातं, त्यामुळे ते पाणी गोठायला आणखी कुरकुरतं, त्यामुळे कड कुठे सरकते तेही बदलतं, आणि कड बदलली की मीठ पुन्हा बदलतं. म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणासारखं. कोण कुणामुळे चिडलं हे सांगता येत नाही आणि दोघांची समीकरणं एकदमच सोडवावी लागतात.

"पण भाऊजी," बर्फवाल्याने एकदा जेवताना विचारलं, "आमच्या टाकीत रोज खारं पाणी बघतो मी. मीठ कमी पडलं की नळ्यांवर गोठतं, मग वितळतं. तुमचं उत्तर नाही निघालं म्हणून ते कधी थांबलं नाही."

भाऊजींनी घास ताटात ठेवला. ते चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, हाच ताईचा त्यांच्याबद्दलचा मुख्य राग होता.

"बर्फाची काळजी मला नाही हो. काळजी समीकरणाची आहे. मी म्हणतो की माझं समीकरण बर्फाबद्दल बोलतं. पण त्याला उत्तरच नसेल, तर ते कशाबद्दलच बोलत नाही. मग मी इतकी वर्षं कशाबद्दल बोलतोय?"

बर्फवाल्याने भाजी वाढून घेतली.

भाऊजींची युक्ती अशी होती. कड फार धारदार, गणिताचा हात कापते. म्हणून आधी ती बोथट करून घ्यायची. बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर रुंदीचा पट्टा आहे असं मानायचं. त्या सोप्या प्रश्नाला उत्तर असतं. मग पट्टा बोटभर करायचा; त्यालाही उत्तर असतं. मग केसाएवढा, मग त्याहून बारीक. अशी उत्तरांची रांग लागते आणि रांग कुठेतरी जाऊन पोचते. प्रश्न एवढाच, की ती जिथे पोचते ते मूळ प्रश्नाचं उत्तर आहे का?

"का नसेल?" बर्फवाला म्हणाला.

"थरथरीमुळे," भाऊजी म्हणाले आणि त्याला दंडाला धरून दारापर्यंत घेऊन गेले. "इथून टेबलावरची चादर बघा. कुठला रंग दिसतो?"

"करडा."

"जवळ जाऊन बघा. चादरीत करडा रंग कुठे आहे?"

बर्फवाला जवळ गेला. काळी पट्टी, पांढरी पट्टी, काळी पट्टी. करडा रंग कुठेच नव्हता.

"तसंच हे," भाऊजी म्हणाले. "माझी उत्तरं बारीक बारीक थरथरत असतील, बर्फ-पाणी-बर्फ-पाणी, तर दुरून काहीतरी मऊ, छान दिसेल, आणि ते कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसेल. थरथर टिकत नाही, एवढं दाखवलं की झालं."

"चादर बदला," आतून ताई म्हणाली.

ताई कोर्टात नक्कलनवीस होती. जुने निकाल, करार, मृत्युपत्रं यांच्या हाताने नकला करणं हे तिचं काम. अक्षर छापल्यासारखं, आणि चूक शून्य. चूक शून्य म्हणजे मूळ कागदातली चूकसुद्धा ती जशीच्या तशी उतरवायची. एकदा एका न्यायाधीशाने घाईत 'आरोपीस' ऐवजी 'आजोबास' लिहिलं, आणि ताईच्या नकलेत आजोबांना तीन वर्षं सक्तमजुरी झाली. वरिष्ठांनी बोलावून झापलं, तर ही म्हणाली, "साहेब, मी नक्कल करते. न्याय करणारे वेगळे." त्या दिवसापासून तिच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही.

भाऊजींचे लेखही तीच उतरवायची. तेव्हाच्या टाइपरायटरवर ती चिन्हं नसत, म्हणून सगळं हाताने जायचं. यातलं एक अक्षर तिला कळत नसे आणि म्हणूनच एक अक्षर चुकत नसे.

अठराव्या वर्षी लेख झाला. चौसष्ट पानं. बर्फवाल्याने कारखान्यातून एक छोटी लादी आणली, ती फोडून सगळ्यांनी सरबत प्यायलं, आणि भाऊजी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघून हसले. ताईने दोन आठवड्यांत स्वच्छ प्रत केली. आणि ती पाकिटात घालायच्या दिवशी भाऊजींनी आयुष्यातली एकमेव उधळपट्टी केली.

प्रत चाळता चाळता ते एकतिसाव्या पानाशी थांबले. तिथे पुढची अख्खी दोन पानं थरथर का टिकत नाही याबद्दल होती. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "हे कशाला हवं? शाळेतल्या पोराला सांगितल्यासारखं वाटतं." त्यांनी ती दोन पानं काढली, फाडली आणि टोपलीत टाकली. ताईला म्हणाले, "एकतिसाव्या पानावर सातव्या ओळीत लिही: थरथर टिकत नाही हे उघड आहे."

गणितातली मोठी माणसं जागोजाग 'उघड आहे' लिहितात. ते रुबाबाचं लक्षण असतं, जसं श्रीमंत माणसाने किंमत न विचारणं. भाऊजींनी आयुष्यात कधी रुबाब केला नव्हता. एवढा एकदाच केला. कच्ची पानं त्याच आठवड्यात रद्दीत गेली, कारण टेबलावर अठरा वर्षांनी प्रथमच जेवण वाढायचं ताईच्या मनात होतं.

लेख ज्या गणिताच्या मासिकाला पाठवला होता, तिथून चौदा महिन्यांनी पत्र आलं. लेख महत्त्वाचा आहे, तपासणाऱ्याला आवडला आहे, एकच शंका आहे. पान एकतीस, ओळ सात: हे उघड का आहे?

भाऊजी मोठ्याने हसले. "दोन ओळींचं काम," म्हणाले, आणि चहा होईपर्यंत लिहून टाकतो म्हणून बसले.

चहा झाला. चहा गार झाला. ताईने तो परत गरम केला, तो परत गार झाला. पुढच्या रविवारी बर्फवाला आला तेव्हा टेबलावरून जेवण पुन्हा हद्दपार झालं होतं आणि ताई ताटं जमिनीवर मांडत होती.

"काय वितळलं?" असं कुणी विचारलं नाही.

"आठवत नाहीये," भाऊजी म्हणाले. "मी ते केलं होतं. दोन पानं केली होती. इतकं सोपं होतं की मला लाज वाटली. आता ते कसं केलं तेच आठवत नाही."

"पुन्हा करा," बर्फवाला म्हणाला. "एकदा जमलं ते परत जमेल."

"तेच तर करतोय."

असे चार महिने गेले. भाऊजींच्या चेहऱ्यावरचं मांस उतरलं. कॉलेजात ते फळ्यापाशी खडू धरून उभे राहायचे आणि पोरं हळूच मागच्या दाराने निघून जायची. एकदा तास संपल्यावर पुढच्या तासाच्या सरांनी येऊन त्यांना बाकावर बसवलं. मासिकाचं दुसरं पत्र आलं: वर्षाखेरीपर्यंत उत्तर आलं नाही तर लेख परत पाठवू. घरात ताई पावलं न वाजवता चालायला लागली.

आणि एका रविवारी बर्फवाल्याला कल्पना सुचली. पुढे कित्येक वर्षं, लाद्या साच्यातून काढताना, ती आपल्याला का सुचली असं तो स्वतःला विचारायचा.

"ताई, ती दोन पानं तू उतरवली होतीस ना?"

"उतरवली होती. फाडण्याआधी."

"मग लिही की परत. कोर्टातला कागद तू दहा वर्षांनी डोळे मिटून लिहितेस."

"तो भाषेत असतो रे. यातलं मला काय कळतंय?"

"तुला कोर्टातलं तरी कुठे कळतं!"

ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण डोळे पुसून ती टेबलाशी बसली, पेन घेतलं आणि कागदाकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली.

"पानाच्या वर एक मोठं नागमोडी चिन्ह होतं," ती म्हणाली. "त्याच्या पोटात कंस. कंसाच्या आत टोपीवाला यू."

भाऊजी उठून उभे राहिले.

तीन रविवार हे चाललं. ताईला डोक्याने आठवत नव्हतं, हाताने आठवत होतं. ती म्हणायची, "इथे माझं मनगट उजवीकडे गेलं होतं, म्हणजे ओळ लांब होती." मग म्हणायची, "इथे पेन बदललं." ओळ उमटली की भाऊजी तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि त्यांच्या तोंडून "अरे हो! हो, हो!" असं निघायचं. बर्फवाल्याने एवढ्या वर्षांत त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. तो उगीचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचा.

तिसऱ्या रविवारी दुपारी अकरा ओळी झाल्या होत्या. आता उरलेलं भाऊजींना स्वतःलाच दिसत होतं. त्यांनी कागद ओढून घेतला, भराभर खाली लिहीत गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. मग त्यांचं बोट आठव्या ओळीवर थांबलं.

"हे उणे आहे," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

"इथे अधिक हवं."

बर्फवाल्याला गणित येत नव्हतं, पण कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की न बघता कळतं, तसं त्याला कळलं.

"उणे असेल तर पुढच्या ओळीतली ही दोन मोठी पदं एकमेकांना खाऊन टाकतात," भाऊजी सावकाश म्हणाले. "काहीच उरत नाही. म्हणून ते इतकं सोपं वाटलं. पण मिठाच्या समीकरणातून इथे अधिकच येतं. अधिक असलं की ती एकमेकांना खात नाहीत. त्यांची बेरीज होते." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मूळ पानांत हे नसणार. तिथे काहीतरी वेगळं असणार. तुझा हात चुकला असेल."

ताईने कागदाकडे पाहिलं.

"बघ ना," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो वर गेला होता. "दीड वर्ष झालं. एवढीशी आडवी रेघ. तिला एक उभी रेघ असेल, तू विसरली असशील. माणूस विसरतो. त्या ओळीत अधिक असेल, तर खाली मी दुसरंच काही केलं असणार, आणि ते सापडेल. नुसतं सांग, की खात्री नाही."

बर्फवाला भाऊजींच्या मागे उभा होता. तिथून तो ताईला डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने, असेल नसेल त्या अवयवाने खुणावत होता: हो म्हण. विसरले म्हण. बाई, आयुष्यात एकदा चूक कर.

ताईने ते पाहिलं. तिचे ओठ हललेही. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"उणेच होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"शाई संपत आली होती. ती रेघ फिकी आली, म्हणून मी पेन भरून तिच्यावरून परत एकदा गिरवली. आडवी. एकच." आणि मग अगदी हळू म्हणाली, "तुमच्या कच्च्या कागदावरही तेच होतं. मी पाहिलं तसं लिहिलं."

भाऊजींनी मान हलवली. रागावले नाहीत. "तू कशाला चुकशील," एवढंच म्हणाले आणि कागदावर हात ठेवून बसून राहिले. ताई स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

"भाऊजी," बर्फवाला म्हणाला, "दुसऱ्या वाटेने काढता येईल की."

"येईलही."

"मग?"

"वाट आहे का, ते आधी पाहायला हवं." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, तो मध्येच सोडून दिला. "मेहुणेबुवा, अठरा वर्षांत मला एकच सोपी गोष्ट सापडली होती. ती मी फाडली नसती, तर तपासणाऱ्याने ही चूक पहिल्याच आठवड्यात दाखवली असती. चौदा महिने मी ते खरं आहे असं समजून जगलो. बरे गेले हो चौदा महिने."

बर्फवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अमोनियाचा वास येणारा हात कुणाच्या अंगावर ठेवायला तो एरवी लाजत असे.

पुढच्या आठवड्यात भाऊजींनी मासिकाला पत्र लिहिलं. एकतिसाव्या पानावरचं विधान मला सिद्ध करता येत नाही, ते चुकीच्या चिन्हावर उभं होतं, सबब लेख मागे घेत आहे. पत्र चार ओळींचं होतं. स्वच्छ प्रत ताईने केली.

पाच महिन्यांनी मासिकाची पोच आली, छापील कार्डावर, खाली कुणाची तरी आद्याक्षरं. भाऊजींच्या निवृत्तीला तेव्हा सहा वर्षं बाकी होती. त्या सहा वर्षांत त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना बीजगणित शिकवलं.